कळांच्या गप्पांत चहा ठेवणारी

४ फेब्रुवारी

ताई,

फोनच करणार होते. पण वसाहतीत फोन एकच, तोही कचेरीत, आणि कचेरीत कारकून. कोणी फोनवर बोलायला लागलं की तो कागदांत मान घालतो आणि कान उघडे ठेवतो. गेल्या खेपेला मी तुला पोट साफ होत नाही म्हणून विचारलं, तर संध्याकाळपर्यंत निम्म्या वसाहतीच्या बायका मला कोमट पाणी प्यायला सांगून गेल्या. म्हणून पत्र. जीप आठवड्यातून दोनदा खाली जाते, टपाल तिच्याबरोबर.

मला आठवा लागलाय. बरी आहे. पाय सुजतात म्हणून चपला नवऱ्याच्या घालते. तो दिवसभर पंपांजवळ. खालच्या शहराला सगळं पाणी इथून जातं, त्यामुळे तिकडे कोणाच्या नळाला धार बारीक आली की इकडे याच्या पोटात गोळा येतो. माझ्या पोटाकडे बघून मात्र त्याला अजून हसूच येतं.

आता विचारायचं ते विचारते. कळा कशा असतात गं? खालच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, ‘येतील तेव्हा समजेल.’ शेजारच्या इंजिनिअरीणबाईंनी एक जाड पुस्तक दिलं. त्यात लिहिलंय की प्रत्येक बाईची वेदना वेगळी असते. मग एवढी पानं भरली कशाला? इथून दवाखाना म्हणजे अख्खा घाट उतरायचा, आणि जीप जाते बैलगाडीच्या चालीने. लवकर गेलं तर परत पाठवतात. उशीर केला तर एखाद्या वळणावर बाळंत होईन. म्हणून मला नेमकं माहीत हवं.

तुला विचारून उपयोग नाही, तुझं तर ऑपरेशन झालं. तेव्हा तू आईला विचार. माझं नाव घेऊ नकोस. तिला न सांगता लग्न केलं त्याला दोन वर्षं झाली, तेव्हापासून ती माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. कळांसाठी बोलेल असं वाटत नाही. दुकानातल्या कोणासाठी तरी विचारतेयस असं सांग.

मला तुझा हेवा वाटतो, लिहूनच टाकते. तुझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत आई बटणं लावत बसलेली असते, तू हाक मारलीस की ओ देते. मी इथे डोकं दुखलं तर भिंतीला सांगते.

तुझी
शेपूट

१३ फेब्रुवारी

शेपूट,

‘तुला विचारून उपयोग नाही.’ हे मी काउंटरशी उभी राहून वाचलं, समोर गिऱ्हाईक मापं द्यायला ताटकळलेलं. त्या बाईची कंबर मी काय लिहून घेतली देव जाणे, पोलकं उसवावं लागणार आहे.

माझ्याकडे शिवायला चार बायका आहेत हे तुला माहीत आहे. शाळांचे गणवेश सुरू झाले की दिवसभर मशीन चालतं आणि तोंडं त्याहून जोरात चालतात. फिरून फिरून विषय कळांवर येतोच. एकीने म्हणे दाराची कडी उपटून हातात घेतली होती. दुसरीने नवऱ्याच्या मनगटाचा असा चावा घेतला की त्यालाच टाके पडले. तिसरी म्हणते, हे काहीच नाही, माझं ऐका. अशी चढाओढ लागते. मग कोणीतरी माझ्याकडे बघतं आणि म्हणतं, ‘ताई, चहा ठेवता का?’ दुकान माझं, मशीनं माझी, आणि कळांचा विषय निघाला की चहा ठेवणारी मी. नऊ वर्षांची मुलगी आहे मला. ती काय टपालाने आली?

ती पायाळू होती, म्हणून तारीख ठरवून नेलं. मी वेणी घालून, बॅग उचलून, माझ्या पायांनी चालत गेले. पाठीत सुई टोचली, छातीशी हिरवा पडदा लावला, आणि पडद्यापलीकडे कोणीतरी कपाटातले कपडे उपसावेत तसं माझं पोट उपसत होतं. समजत सगळं होतं, दुखत काही नव्हतं. दुखलं ते नंतर, टाक्यांचं. पण त्याला कोणी कळा म्हणत नाही. आता तू जाशील, ओरडशील, आणि पुढच्या वेळी माझ्या दुकानात आलीस की त्या चौघी तुला मधे बसवतील. मी चहात साखर घालत ऐकीन.

आईला विचारलं. ‘एका गिऱ्हाइकाची मुलगी विचारत होती,’ म्हटलं. आईने हातातलं बटण खाली ठेवलं, चष्मा काढला आणि म्हणाली, ‘कितवा लागला वरच्या बाईला?’ तू घाटावर गेल्यापासून ती तुला ‘वरची’च म्हणते, आणि तुझ्या नवऱ्याला ‘नळवाला’. मी म्हटलं, ‘आठवा.’ मग जी बोलायला लागली ती दुपारभर बोलत होती. गणवेश बटणांवाचून पडून राहिले. सांगताना ती हसत होती, शेपूट, आणि माझ्याकडे बघून नाही, खिडकीकडे बघून. मी समोर बसलेली असून ती माझ्या डोक्यावरून तुझ्याशीच बोलत होती. माझ्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ती मला एवढंच म्हणाली होती, ‘नखं कापून जा.’

तर घे. कळ एकदम कोसळत नाही, लांबून येते. आधी वाटतं, हे काही विशेष नाही. मग चढत जाते. वर पोचली की तिथे थांबते, आणि तेव्हा श्वास घ्यायचंही सुचत नाही. मग ओसरते. ओसरली की इतकं बरं वाटतं की बाईला वाटतं, संपलं. ते संपलेलं नसतं. मधली उसंत कमी कमी होत जाते. खोटी कळ चार पावलं चाललं, कूस बदलली की विरून जाते. खरी कशालाच भीक घालत नाही. माझ्या चौघींनी एक खूण सांगितली आहे. पोटावर हात ठेवून बघायचं. गालासारखं लागलं तर काही नाही. कपाळासारखं टणक लागलं तर ती कळ.

आईने आणखी एक गोष्ट सांगितली, फक्त आपल्या घरातल्या बायकांची. ती मी लिहीत नाही. तिच्यावाचून तुझं काही अडायचं नाही. तुला अख्ख्या कळा मिळणार, आईची दुपारही मिळाली. एवढी एक गोष्ट माझ्याकडे राहू दे. राग आला तर येऊ दे, मलाही आलाच आहे.

ताई

७ मार्च

ताई,

ठेव बाई तुझी गोष्ट तुझ्याजवळ. कपाटात घाल आणि वर कुलूप लाव.

मी रागावले होते म्हणून इतके दिवस लिहिलं नाही. तू एक गोष्ट लपवलीस याचा राग थोडा. आई दुपारभर बोलली आणि ऐकायला तू होतीस, याचा जास्त. ‘हसत होती’ हे तर तू लिहायलाच नको होतंस. ते मी चारदा वाचलं आणि पत्र उशीखाली कोंबलं.

तू अशी नव्हतीस गं. आई इस्पितळाच्या धुलाईत रात्रपाळीला गेली की एका चॉकलेटचे तू दोन भाग करायचीस, आणि चुरा पडला तर तोही वाटून द्यायचीस. मला ताप आला की ओला टॉवेल घेऊन बसायचीस. मी तुझ्या मागे मागे संडासाच्या दारापर्यंत यायचे म्हणून मला शेपूट हे नाव पडलं. आता तू माझ्याशी कळांचा हिशेब मांडतेस.

असो. तुझी पोटाची खूण आम्ही दोघांनी पाठ केली आहे. नवरा येता-जाता पोटाला हात लावून बघतो, पंप तापलाय का बघतो तसा. ‘मऊ आहे,’ म्हणतो आणि कामाला जातो. पोट टणक झाल्याशिवाय जीप बोलवायची नाही असं ठरवलंय. कारण मागच्या महिन्यात मी घाबरून एकदा खाली गेले आणि डॉक्टरीणबाईंनी जेवण पचलं नाही म्हणून गोळी देऊन परत पाठवलं. तेव्हापासून ड्रायव्हर मला बघितलं की उगाच हॉर्न वाजवतो आणि हसतो. पुन्हा ती शोभा नको.

बाकी ठीक. कंबर तेवढी धरते, बादल्या उचलल्याने असेल. दुपारची येते, मांड्यांत उतरते, जाते, पुन्हा येते. शेकते मी. पोट अगदी मऊ आहे, त्यामुळे काळजी नाही. तारीख तर महिनाअखेरची आहे.

आई बरी आहे ना? तिला माझं काही सांगू नकोस. विचारलं तर सांग.

शेपूट

१२ मार्च

शेपूट,

हे पत्र आईच्या हातून येतं आहे. हो, आपल्याच आईच्या. ती दारात उभी असेल, आणि तू ‘ये’ म्हणेपर्यंत आत पाऊल टाकणार नाही, तिचा स्वभाव तुला माहीत आहे. तेव्हा आधी तिला आत घे, मग पुढचं वाच.

मी जे लिहिलं नाही ते हे. आपल्या घरातल्या बायकांची कळ पोटात येत नाही. कमरेत येते आणि मांड्यांत उतरते. पोट शेवटपर्यंत गप्प असतं. आजीचं असंच झालं, आईचं माझ्या वेळी असंच झालं. ती कंबर चोळत चादरी वाळत घालत होती, आणि शेजारणीने ओढून नेलं नसतं तर मी दोरीखालीच जन्मले असते. आई हे सांगून वर म्हणाली होती, ‘तिला हे आधी कळव.’ आणि मी हे कळवलं नाही. माझी समजूत अशी की ही एक गंमत आहे, घरातली, जपून ठेवण्यासारखी. ‘मांड्यांत उतरते’ हे तू लिहिलेलं वाचलं आणि हातातली कात्री टाकून उठले.

लगेच तुमच्या कचेरीत फोन लावला. कारकून म्हणाला, ‘निरोप सांगा.’ मी म्हटलं, ‘तिला म्हणावं, कंबर दुखत असेल तर पोटाकडे बघत बसू नकोस, लगेच नीघ.’ तो म्हणाला, ‘कंबर का? माझ्याकडे एक चांगलं तेल आहे, पाठवून देतो.’ पुन्हा बोलेपर्यंत लाइन गेली, ती परत लागलीच नाही. तुला तेल मिळालं असेल.

मग आईला सांगितलं. ‘मी ते लिहिलंच नव्हतं,’ म्हटलं. ती म्हणाली, ‘का?’ मी म्हटलं, ‘हेव्याने.’ मला वाटलं आता ती बोलेल, एक ठेवून देईल. तेवढंही केलं नाही. पिशवी काढली, दोन लुगडी घातली आणि म्हणाली, ‘बस कधी आहे?’ तुझ्याकडे यायचं म्हणून तिला माझ्यावर ओरडायलाही सवड नव्हती. एवढी भीती वाटत असताना मला त्याचंही वाईट वाटलं. मी अशी आहे.

तुझी कंबर, तुझ्या कळा, तुझी आई, सगळं तू घे. फक्त बाळ आणि तू धड असा. याउपर मी काही मागत नाही.

ताई

२० मार्च

ताई,

मुलगी आहे. दोघी धड आहोत. आता श्वास सोड.

आई आली तेव्हा दुपार होती. मी दाराची चौकट धरून उभी होते आणि नवऱ्याला सांगत होते की बादल्या आता तू भरत जा. टेबलावर कारकुनाची तेलाची बाटली होती. समोर पाहते तर आई. मी रडायच्या बेतात होते, पण तेवढ्यात कमरेत आली आणि मी वाकले. म्हटलं, ‘काही नाही, पोट मऊ आहे, वेळ आहे.’ आईने माझ्या पोटाकडे पाहिलंसुद्धा नाही. मागे आली, कमरेवर तळवा ठेवला आणि म्हणाली, ‘जीप.’ दोन वर्षांनी आई माझ्याशी पहिला शब्द बोलली तो हा, जीप. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला नाही. दवाखान्यात पोचलो तेव्हा डॉक्टरीणबाईंचा एकच हातमोजा चढला होता, दुसरा चढवायला त्यांना उसंत मिळाली नाही.

आता नीट बस. मी तुला कळांचं सांगणार आहे, आणि तू चहा ठेवायला उठायचं नाहीस.

आठवतं, आईच्या धुलाईतल्या चादरी घरी यायच्या तेव्हा आपण पिळायचो? तू एका टोकाला, मी दुसऱ्या, तू उजवीकडे फिरवायचीस, मी डावीकडे. तशी माझी कंबर कोणीतरी पिळत होतं. मी या वेळी चादर होते. आधी मणक्याच्या खाली एक जड, बोथट दुखणं, उगाच बसल्यासारखं. मग ते पीळ घेत घेत पुढे येतं, मांड्यांत उतरतं, गुडघे आपले राहत नाहीत. पहिल्या काही कळांना मला चक्क अपमान वाटला, की ही आपल्याला विचारत का नाही. नंतर तेही गेलं. ती वर पोचते ना, तिथे आपण नसतोच. मला माझं नाव विचारलं असतंस तर सांगता आलं नसतं.

आणि मग ती सोडते. हे कोणी मला सांगितलं नव्हतं, की मधला वेळ इतका सुंदर असतो. घाटातली झाडं स्वच्छ धुतल्यासारखी दिसत होती. ड्रायव्हरच्या मानेवरचा तीळ दिसला. एका उसंतीत तर मी आईच्या खांद्यावर झोपून गेले, आणि पुढच्या कळेने उठवलं. शेवटी दुखणं पालटतं. आता ते आपल्यावर येत नाही, आपणच ते करायला लागतो. अंग आपोआप ढकलतं, थांबवता येत नाही, थांबवावंसंही वाटत नाही. पोट तेव्हा कुठे टणक झालं, तुझ्या चौघींच्या कपाळासारखं. मी खूप ओरडले म्हणतात. काय ओरडले ते आठवत नाही. आईला विचारलं तर ती तोंड फिरवून लंगोट घड्या करायला बसते.

तुझा राग आला का, तर आला. प्रत्येक वळणाला आला. मग ओसरला, आणि अजून मधूनच येतो. काही दिवस येत राहील, तू मनावर घेऊ नकोस. हेवाही गेला नाही. आई बाळाला मांडीवर घेते आणि सांगते काय, तर तुझी मुलगी एवढी होती तेव्हा कशी हात चोखायची.

लवकर ये.

शेपूट

२२ मार्च

थोरले,

मी पत्र लिहीत नाही, तुला माहीत आहे. मायलेकी झोपल्या आहेत तोवर लिहिते. त्यांना यातलं बोलू नकोस.

बाळ छान आहे. नाक आपलं आहे, नळवाल्याचं नाही. नळवाला तसा बरा आहे. मला सकाळी विचारून आंघोळीचं पाणी काढतो. चहा करतो पण पांचट करतो.

तुझ्यावर ओरडायचं राहिलं होतं, ते आता ओरडते. असं पुन्हा करायचं नाही. जीव गेला असता पोरीचा. झालं माझं ओरडून.

तुला ‘नखं कापून जा’ एवढंच म्हणाले, हे तू मनात ठेवलं आहेस, धाकटीने मला तुझं पत्र दाखवलं. तुला सांगायला माझ्याकडे काही नव्हतं गं. तुझं पोट चिरणार होते, त्यातलं मला काय माहीत? माहीत नसलेल्या गोष्टीची मला भीती वाटत होती. नखांचं माहीत होतं, ते सांगितलं.

आता माझं एक ऐक. जीपमध्ये मी तिची कंबर दाबत होते, इतकी की माझे अंगठे अजून सुजलेले आहेत. मी इस्पितळाच्या धुलाईत जन्म काढला. आमच्या डोक्यावरच बाळंतिणींची खोली होती. कळ आली की बाई आईला हाक मारते. जिची आई जवळ आहे तीही मारते, जिची मेली आहे तीही मारते. तुमच्या दोघींच्या वेळी मीही मारली, आणि माझी आई तेव्हा कुठे होती? आणि ही पोरगी, मी तिला चिकटून बसलेली, माझा हात तिच्या पाठीवर, आणि ओरडते काय, तर ‘ताई गं’. एकदा नाही. प्रत्येक वळणाला ताई गं, ताई गं. मी म्हटलं, ‘अगं, मी आहे, आई.’ तर माझा हात घट्ट धरून पुन्हा ‘ताई गं’. टेबलावर तर इतक्या हाका मारत होती की डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे वळून विचारलं, ‘ताई तुम्हीच का?’

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

तिला यातलं काही आठवत नाही आणि मी सांगणारही नाही. तिला ताप यायचा तेव्हा मी रात्रपाळीला असायचे. तिच्या उशाशी कोण असायचं ते मला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि कानावर येणं वेगळं. तू तिचा हेवा करत बसलीस, ती तुझा. मला त्या जीपमध्ये तुझा हेवा वाटला, थोरले. या वयात, पोटच्या पोरीचा.

माझं चष्म्याचं घर तिथेच राहिलं आहे, येताना आण. आणि आपण परत दुकानात गेल्यावर त्या चौघींच्यात कळांचा विषय निघाला तर उठायचं नाहीस. तू बसायचं आणि धाकटीच्या कळा सांगायच्या, त्या तुझ्याही आहेत.

चहा मी ठेवीन.

आई